खार जमीन (कोकण)

खार जमीन म्हणजे समुद्राच्या किंवा खाडीच्या भरतीच्या पाण्यामुळे क्षारयुक्त झालेली, पाण्याचा निचरा नीट न होणारी, किनारपट्टीच्या सखल मैदानातील गाळाची जमीन. महाराष्ट्रात पालघर, ठाणे, रायगड, रत्नागिरी व सिंधुदुर्ग या जिल्ह्यांत खाड्यांच्या दोन्ही काठांनी अशा जमिनी आढळतात. या मातीत सोडियमचे प्रमाण जास्त असते व भूजल खारे असून पृष्ठभागाजवळ असते. भरतीचे पाणी अडवणारे मातीचे बांध आणि पावसाळ्यातील गोड्या पाण्याने होणारी क्षारांची धुलाई या दोन गोष्टींवरच येथील शेती उभी आहे. खरिपातील भात हे या जमिनीचे मुख्य पीक आहे.

## नाव व संज्ञा

'खार' हा शब्द संस्कृत 'क्षार' या शब्दापासून आला आहे. खारघर, खारपाडा, खारबाव यांसारख्या कोकणातील अनेक गावनावांत तो दिसतो. रायगड जिल्ह्यातील अलिबाग, पेण व उरण तालुक्यांमधील खाडीलगतच्या सखल पट्ट्यास 'खारेपाट' असे म्हणतात. भरतीच्या पाण्याखाली जाणाऱ्या, अद्याप लागवडीखाली न आलेल्या चिखलट भूमीला 'खाजण' हा शब्द रूढ आहे. खाजणाभोवती बांध घालून ते शेतीयोग्य केले की त्यास खार जमीन किंवा खारभूमी म्हटले जाते.

मराठी कृषिविज्ञानात क्षारांनी बाधित जमिनींचे तीन प्रकार मानले जातात. ही विभागणी अमेरिकेतील रिव्हरसाइड येथील क्षारता प्रयोगशाळेने १९५४ साली प्रसिद्ध केलेल्या निकषांवर आधारलेली आहे.

* क्षारयुक्त जमीन : संपृक्त मातीच्या अर्काची विद्युतवाहकता ४ डेसिसीमेन्स प्रति मीटरपेक्षा जास्त, विनिमययोग्य सोडियम १५ टक्क्यांपेक्षा कमी, सामू साधारणतः ८.५ पेक्षा कमी.
* चोपण जमीन : विद्युतवाहकता ४ पेक्षा कमी, विनिमययोग्य सोडियम १५ टक्क्यांपेक्षा जास्त, सामू साधारणतः ८.५ पेक्षा जास्त.
* क्षारयुक्त-चोपण जमीन : विद्युतवाहकता ४ पेक्षा जास्त व विनिमययोग्य सोडियमही १५ टक्क्यांपेक्षा जास्त, सामू बहुधा ८.५ च्या आसपास किंवा त्याखाली.

कोकणातील खार जमिनी प्रामुख्याने पहिल्या व तिसऱ्या प्रकारांत मोडतात. पश्चिम महाराष्ट्रातील कालव्यांच्या लाभक्षेत्रात अतिसिंचनामुळे नापीक झालेल्या काळ्या चोपण जमिनींपेक्षा त्या वेगळ्या आहेत. तेथे क्षार मातीतून व सिंचनाच्या पाण्यातून साचतात, तर खार जमिनीत ते थेट समुद्रातून येतात.

## विस्तार

सह्याद्री व अरबी समुद्र यांच्यामधील कोकणची पट्टी अरुंद व डोंगराळ असल्यामुळे विस्तीर्ण सलग किनारी मैदान येथे नाही. खार जमिनी नद्यांच्या मुखांशी व खाड्यांच्या काठांशी तुकड्या-तुकड्यांनी पसरलेल्या आहेत. उत्तरेकडे वैतरणा व उल्हास, मध्यभागी पाताळगंगा, अंबा व कुंडलिका, त्याखाली सावित्री व वाशिष्ठी आणि दक्षिणेकडे तेरेखोलपर्यंतच्या लहान नद्या यांच्या खाड्यांलगत त्या आढळतात. उत्तर कोकणात खाड्या रुंद व भूभाग सपाट असल्याने खार जमिनींचे सर्वाधिक क्षेत्र तेथे, विशेषतः रायगड जिल्ह्यात आहे. दक्षिणेकडे डोंगर समुद्राजवळ येत गेल्याने हे क्षेत्र कमी होत जाते.

यांपैकी अनेक जमिनी उधाणाच्या भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहेत. मुंबईलगतच्या समुद्रात उधाणाच्या वेळी पाण्याची पातळी ओहोटीच्या तुलनेत सुमारे ५ मीटरपर्यंत चढते. त्यामुळे बांध नसेल तर अमावास्या व पौर्णिमेच्या सुमारास भरतीचे पाणी शेतात सहज शिरते.

## निर्मिती

पावसाळ्यात सह्याद्रीवरून वेगाने उतरणाऱ्या नद्या बेसॉल्ट व जांभ्या खडकांच्या झिजेतून निघालेला गाळ खाडीपर्यंत वाहून आणतात. खाडीत नदीचा वेग मंदावतो आणि गोडे पाणी खाऱ्या पाण्यात मिसळते. गोड्या पाण्यात तरंगत राहणारे चिकणमातीचे सूक्ष्म कण खाऱ्या पाण्यातील क्षारांमुळे एकमेकांना चिकटून गुठळ्या बनतात व तळाशी बसतात. भरती-ओहोटीमुळे हा गाळ काठांवर थराथराने पसरतो. त्यावर तिवरासारख्या खारफुटीच्या वनस्पती उगवतात, त्यांची मुळे गाळ धरून ठेवतात आणि भूमीची उंची हळूहळू वाढते. पुरेशा उंचीवर आलेले असे खाजण बांध घालून लागवडीखाली आणले जात असे.

समुद्राच्या पाण्यात प्रतिलिटर सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यात क्लोराइड सुमारे १९ ग्रॅम, सोडियम सुमारे १०.८ ग्रॅम, मॅग्नेशियम सुमारे १.३ ग्रॅम, तर कॅल्शियम अवघे ०.४ ग्रॅम असते. मातीची घडण टिकवणारे कॅल्शियम सर्वांत कमी आणि ती बिघडवणारे सोडियम त्याच्या पंचवीस पटींहून अधिक, अशा पाण्यात ही माती जन्माला येते. खार जमिनीचे बहुतेक गुणधर्म या एका विषमतेतून समजून घेता येतात.

## भौतिक गुणधर्म

### पोत

खार जमिनीचा पोत ठिकाणानुसार बदलतो. समुद्राच्या उघड्या किनाऱ्याजवळ, जेथे लाटांनी वाळू येऊन मिसळते, तेथे वाळूमिश्रित पोयटा आढळतो. खाडीत आत जावे तसा गाळ बारीक होत जाऊन चिकण पोयटा व पुढे भारी चिकणमाती दिसते. एकाच शेतात वर पोयटा व खाली घट्ट चिकणमातीचा थर असणे, किंवा मध्येच वाळूचा व शिंपल्यांचा पट्टा लागणे, हे नेहमीचे आहे. निरनिराळ्या काळी निरनिराळ्या वेगाच्या प्रवाहांनी गाळ टाकल्याची ती खूण होय.

### निचरा

या जमिनीतील पाण्याचा निचरा तीन कारणांनी मंद असतो. पहिले, भूभाग सपाट व सखल असल्याने पाण्याला उतार मिळत नाही. दुसरे, भूजलाची पातळी उंच असते व भरतीबरोबर ती वरखाली होते. तिसरे, सोडियममुळे मातीची छिद्रे बंद होऊन पाणी मुरण्याचा वेग घटतो. पहिली दोन कारणे भूगोलाची आहेत, तिसरे मातीच्या रसायनाचे आहे.

### रंग

सतत ओल्या राहणाऱ्या मातीत हवा पोहोचत नाही. अशा स्थितीत लोहाचे ऑक्सिजनयुक्त लाल-तांबडे रूप बदलून राखाडी-निळसर होते. म्हणून खार जमिनीचे खालचे थर राखाडी, निळसर किंवा काळपट असतात. जेथे मुळांच्या वाटांनी थोडी हवा आत जाते, तेथे तांबूस-पिवळे ठिपके उमटतात. काही ठिकाणी खालचा चिखल उकरल्यास सडक्या अंड्यासारखा वास येतो. समुद्राच्या पाण्यातील सल्फेटपासून हवेच्या अभावी तयार झालेल्या हायड्रोजन सल्फाइड या वायूचा तो वास असतो.

## रासायनिक गुणधर्म

खार जमिनीतील विद्राव्य क्षारांत सोडियम क्लोराइड म्हणजे साधे मीठ सर्वाधिक असते. त्याखालोखाल मॅग्नेशियमची क्लोराइडे व सल्फेटे असतात. कार्बोनेट व बायकार्बोनेट यांचे प्रमाण कमी असल्याने या जमिनींचा सामू उदासीन ते किंचित अल्कधर्मी राहतो. उत्तर भारतातील गंगेच्या मैदानातल्या चोपण जमिनींचा सामू १० पर्यंत चढतो, तसे येथे सहसा होत नाही.

चिकणमातीच्या कणांवर ऋण विद्युतभार असतो व त्यांच्याभोवती धन भाराचे आयन धरलेले असतात. सुपीक जमिनीत ही जागा मुख्यतः कॅल्शियमने व्यापलेली असते. खाऱ्या पाण्याच्या दीर्घ संपर्कात सोडियम व मॅग्नेशियम ही जागा घेतात. त्यांपैकी सोडियमने व्यापलेल्या भागाला 'विनिमययोग्य सोडियमची टक्केवारी' असे म्हणतात.

अन्नद्रव्यांच्या दृष्टीने या जमिनींत पालाश बहुधा पुरेसे असते, कारण समुद्राच्या पाण्यातही ते असते. नत्राची कमतरता मात्र सर्वसाधारण आहे. पाणी साचलेल्या मातीत नत्राचा काही भाग वायुरूपाने निघून जातो, तर काही भाग पावसाच्या पाण्याबरोबर वाहून जातो.

## सोडियमचा मातीच्या घडणीवरील परिणाम

कॅल्शियमचे आयन दोन धन भारांचे असतात. ते चिकणमातीच्या कणांना एकमेकांजवळ ओढून धरतात व मातीचे रवाळ कण बनतात. या रव्यांमधील पोकळ्यांतून हवा व पाणी फिरते. सोडियमच्या आयनावर एकच धन भार असतो आणि त्याभोवती पाण्याचे मोठे आवरण असते. त्यामुळे सोडियमने वेढलेले कण एकमेकांपासून दूर राहतात. गोडे पाणी मिळताच ते सुटे होऊन पाण्यात तरंगू लागतात, पोकळ्यांत शिरतात व त्या बुजवतात. यालाच मातीचे विकिरण म्हणतात. अशी माती ओली असताना लोण्यासारखी निसरडी व वाळल्यावर दगडासारखी टणक होते. तिच्या पृष्ठभागावर कठीण पापुद्रा धरतो व बीजांकुर तो फोडून वर येऊ शकत नाहीत.

याबाबत एक विरोधाभास ध्यानात ठेवावा लागतो. मातीत क्षार भरपूर असेपर्यंत हे विकिरण दिसत नाही, कारण दाट खारे पाणी कणांना गुठळ्यांच्या रूपात धरून ठेवते. पावसाने क्षार धुऊन गेले आणि कणांवरचा सोडियम मात्र तसाच राहिला, तर जमीन क्षारमुक्त होण्याऐवजी चोपण होण्याकडे झुकते. म्हणजेच नुसते मीठ धुऊन काढणे पुरेसे नसते. सोडियमची जागा घ्यायला कॅल्शियम उपलब्ध असावे लागते. शिंपल्यांचा चुरा मिसळलेल्या मातीत हे कॅल्शियम काही प्रमाणात आपोआप मिळते. जेथे ते नसते, तेथे जिप्सम देण्याचा उपाय करतात. नेदरलँड्समध्ये १९५३ च्या समुद्रपुरानंतर खाऱ्या पाण्याखाली गेलेल्या शेतांत याच कारणासाठी जिप्सम टाकण्यात आले होते.

## क्षारांचे ऋतुचक्र

खार जमिनीची क्षारता वर्षभर सारखी नसते.

* जून ते सप्टेंबर : कोकणात २,५०० मिलिमीटर व अनेक ठिकाणी त्याहून अधिक पाऊस पडतो. पहिल्या जोरदार सरींनी पृष्ठभागावरचे मीठ विरघळते. काही मीठ वाहून जाते, काही खाली मुरते. जुलैपर्यंत वरच्या थरातील क्षारता भाताला सोसेल इतकी उतरते.
* ऑक्टोबर ते डिसेंबर : पाऊस थांबतो. खाली खारे व वर गोडे अशी पाण्याची विभागणी काही काळ टिकते. भात याच काळात पक्व होतो.
* जानेवारी ते मे : उन्हाने पृष्ठभागावरचे पाणी उडून जाते. त्याची जागा घेण्यासाठी खालचे खारे भूजल केशाकर्षणाने वर चढते. पाणी हवेत जाते आणि मीठ मागे राहते. मे महिन्यात क्षारता कमाल पातळीवर असते व शेतात पांढरा थर दिसतो.

केशाकर्षणाने पाणी किती उंच चढेल हे पोतावर अवलंबून असते. भरड वाळूत ते थोडेच चढते. अत्यंत घट्ट चिकणमातीत ते उंच चढू शकते, पण फार सावकाश. पोयट्याच्या मातीत उंची व वेग या दोहोंचा मेळ बसतो. म्हणून खारे भूजल जवळ असताना पोयट्याच्या जमिनीत उन्हाळ्यात पृष्ठभागावर मीठ वेगाने साचते. इतरत्र उत्तम समजला जाणारा पोत येथे अशा रीतीने अडचणीचा ठरतो.

## ओळखण्याच्या खुणा

१. उन्हाळ्यात बांधांच्या कडेला व उंचवट्यांवर पांढरा, चवीला खारट थर येणे.
२. पाऊस उघडल्यावर डबक्यांतील पाणी बराच काळ गढूळ राहणे. हे सोडियमचे लक्षण आहे; केवळ क्षारयुक्त जमिनीवरील पाणी लवकर निवळते.
३. शेतात पीक ठिकठिकाणी विरळ असणे व मध्येच उघडे पट्टे राहणे.
४. पानांची टोके करपणे.
५. बांधाच्या आत खाजणातील मांसल पानांच्या वनस्पती उगवू लागणे.
६. खणल्यावर थोड्या खोलीवरच खारे पाणी लागणे.

खात्रीसाठी मातीची प्रयोगशाळेत तपासणी करावी लागते. क्षारता ऋतूनुसार बदलत असल्यामुळे नमुना कोणत्या महिन्यात घेतला याची नोंद ठेवणे आवश्यक असते. मे व ऑगस्ट महिन्यांत एकाच शेतातून घेतलेले नमुने परस्परविरोधी वाटावेत इतके वेगळे निघू शकतात.

## पिकांवरील परिणाम

मातीतील पाण्यात क्षार वाढले की मुळांना ते पाणी शोषून घेणे अवघड जाते. शेतात ओल असूनही रोप तहानलेले राहते. याखेरीज सोडियम व क्लोराइड पानांत साठून त्यांना इजा करतात. निचऱ्याअभावी मुळांना हवाही मिळत नाही. त्यामुळे क्षार, सोडियम व साचलेले पाणी अशा तिहेरी संकटाला पिकाला तोंड द्यावे लागते.

भात हे वस्तुतः क्षार सोसणारे पीक नव्हे. मातीच्या अर्काची विद्युतवाहकता ३ डेसिसीमेन्स प्रति मीटरपेक्षा वाढली की त्याचे उत्पन्न घटू लागते. याउलट सातू सुमारे ८ पर्यंत तग धरते. तरीही खार जमिनीत भातच घेतला जातो, कारण साचलेले पाणी सोसणारे दुसरे प्रमुख अन्नधान्य नाही. शिवाय भातखाचरात उभे असलेले गोडे पाणी खालच्या खाऱ्या पाण्याला दाबून ठेवते. बी उगवताना व फुटवे येताना भात क्षारांना बऱ्यापैकी तोंड देतो. कोवळ्या रोपाची अवस्था व फुलोरा या दोन काळांत मात्र तो नाजूक असतो. फुलोऱ्याच्या सुमारास पाऊस लवकर गेला किंवा उधाणाचे पाणी शिरले, तर लोंब्या पोचट राहतात.

## शेतीच्या पद्धती

खार जमिनीत पारंपरिक भातपेरणी दोन प्रकारे होते. जेथे क्षार लवकर धुऊन जातात, तेथे रोपे तयार करून लावणी करतात. जेथे चिखल खोल असतो व लावणी अवघड जाते, तेथे बियाणे भिजवून मोड आणतात व चिखलात फेकून पेरतात. या दुसऱ्या पद्धतीस 'रहू' असे म्हणतात.

राता हा क्षार सोसणाऱ्या लाल दाण्याच्या पारंपरिक भातांचा गट कोकणच्या खार जमिनीत प्रसिद्ध आहे. काळा राता व भुरा राता या त्यातील निवडी होत. पनवेल येथील खार जमीन संशोधन केंद्र हे दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाच्या अखत्यारीत असून तेथे पनवेल-१, पनवेल-२ व पनवेल-३ या क्षारसहिष्णू जाती विकसित करण्यात आल्या.

भात कापल्यानंतर बहुतेक शेते पावसाळ्यापर्यंत मोकळी राहतात. तळ्यात पावसाचे गोडे पाणी साठवण्याची सोय असेल तेथे थोड्या क्षेत्रावर भाजीपाला घेतात. खारेपाटात शेतालगतच्या तळ्यांत जिताडा हा मासा पाळण्याची जुनी प्रथा आहे. हा मासा गोड्या व खाऱ्या अशा दोन्ही पाण्यांत वाढतो. काही ठिकाणी अशाच सखल भूमीवर मिठागरे आहेत.

## बांधबंदिस्ती

खार जमिनीचे संरक्षण बांध व उघाडी या दोन रचनांनी होते. खाडीच्या बाजूचा मुख्य बांध 'बाहेरकाठा' या नावाने ओळखला जातो. तो खाजणातील चिकणमातीचा असतो व लाटांचा मारा असेल तेथे त्यास दगडांचे अस्तर देतात. त्याच्या आत शेतांचे लहान बांध असतात.

उघाडी म्हणजे मुख्य बांधातील पाणी सोडण्याचे दार. त्याची झडप बाहेरच्या बाजूस उघडते. भरतीच्या वेळी खाडीच्या पाण्याचा दाब झडपेवर पडून ती आपोआप बंद होते. ओहोटीला आतील पाण्याची पातळी जास्त झाली की झडप उघडून पावसाचे पाणी बाहेर जाते. पाण्याबरोबर विरघळलेले क्षारही जातात. म्हणून उघाडी हे केवळ पूरनियंत्रणाचे साधन नसून जमीन सुधारण्याचेही साधन आहे. झडप गळकी झाली किंवा गाळाने अडकली, तर बांध शाबूत असूनही जमीन खारी होते.

खेकड्यांची व उंदरांची बिळे, लाटांची धूप आणि देखभालीचा अभाव यांमुळे बांध कमकुवत होतो. उधाणात तो फुटून जी वाट पडते तिला 'खांड' म्हणतात. लहान खांड त्याच ओहोटीत बुजवली तर हानी मर्यादित राहते. ती उघडी राहिली तर प्रत्येक भरतीबरोबर रुंद होत जाते. एकदा समुद्राचे पाणी शिरलेले शेत पुन्हा पूर्ववत पिकण्यास बहुधा दोन-तीन पावसाळे जावे लागतात.

## इतिहास व कायदे

खाजणे बांधून शेती करण्याची प्रथा कोकणात प्राचीन आहे. हे काम एकट्या कुटुंबाच्या आवाक्यातले नसे. एका बांधाच्या आत ज्यांची शेते, त्या सर्वांनी मिळून माती टाकायची व खांड बुजवायला धावायचे, अशी व्यवस्था गावोगाव होती. कुलाबा व ठाणे जिल्ह्यांत अशा बांधलेल्या जमिनींच्या धारणेचा 'शिलोत्री' हा स्वतंत्र प्रकार ब्रिटिश काळातील नोंदींत आढळतो.

खोती पद्धतीत मात्र जमीन राखणारे हात व उत्पन्नावरील हक्क यांची फारकत झाली. अलिबाग तालुक्यातील खारेपाटात चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ मध्ये कुळांनी जमीन न कसण्याचा निर्धार केला. हा संप १९३९ पर्यंत चालला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. १९३९ च्या कूळ कायद्याने कुळांना संरक्षण मिळाले आणि १९४९ च्या कायद्याने खोती संपुष्टात आली.

बांधांच्या व्यवस्थेसाठी १९४८ साली मुंबई खारजमीन अधिनियम झाला व त्यान्वये खार जमीन विकास मंडळ स्थापन झाले. त्यानंतर १९७९ साली महाराष्ट्र खारजमीन विकास अधिनियम अस्तित्वात आला. मुख्य बांध व उघाड्या यांची जबाबदारी आता राज्याच्या जलसंपदा विभागातील खारभूमी विकास यंत्रणेकडे आहे. यामुळे पक्क्या बांधांना शासकीय निधी मिळू लागला. मात्र अनेक गावांत सामूहिक देखभालीची जुनी घडी मोडली आणि खांड पडल्यावर ती बुजवण्यासाठी मंजुरीची वाट पाहण्याची वेळ आली.

## सुधारणेचे उपाय

* भरती रोखणे : बांध व उघाडी सुस्थितीत ठेवणे. हे झाल्याशिवाय पुढील उपायांना अर्थ राहत नाही.
* धुलाई : पावसाळ्यापूर्वी शेत नांगरून बांध घालणे, पावसाचे पाणी साठवून क्षार विरघळू देणे व ते पाणी ओहोटीला उघाडीतून सोडणे.
* चर : शेतात चर खणून निचरा वाढवणे व भूजलाची पातळी खाली ठेवणे.
* जिप्सम : माती-परीक्षणात विनिमययोग्य सोडियम जास्त आढळल्यासच देणे. मीठ जास्त पण सोडियमची टक्केवारी कमी असलेल्या जमिनीत ते अनावश्यक ठरते. निचऱ्याची सोय नसेल तर सुटा झालेला सोडियम मातीतच राहतो.
* सेंद्रिय पदार्थ : धैंचा, ताग किंवा गिरिपुष्पाचा पाला गाडल्याने मातीचे रवे बनण्यास मदत होते.
* आच्छादन : भातकापणीनंतर पेंढ्याचे आच्छादन केल्यास बाष्पीभवन व पर्यायाने मिठाचे वर चढणे कमी होते. हिवाळ्यात उथळ नांगरट केल्यानेही केशाकर्षणाच्या वाटा तुटतात.

## खारफुटी व शेती

बांध फुटून दीर्घकाळ दुर्लक्षित राहिलेल्या शेतात भरतीबरोबर खारफुटीचे बी येते व काही वर्षांत तेथे दाट झाडी उभी राहते. खारफुटी किनाऱ्याची धूप रोखते, लाटांचा जोर कमी करते व माशांच्या पिलांना आसरा देते. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये खारफुटीच्या तोडीस मनाई केली व २०१८ च्या निकालात हे संरक्षण अधिक स्पष्ट केले. परिणामी ज्यांच्या सातबाऱ्यावर भातशेती आहे, परंतु प्रत्यक्षात खारफुटी उगवली आहे, अशा शेतकऱ्यांना ती काढून पुन्हा शेती करता येत नाही. बांधदुरुस्तीसाठीही अनेकदा पर्यावरणविषयक परवानगी लागते.

हा शेती व निसर्ग यांमधील साधा विरोध नाही. बांधाच्या बाहेरची खारफुटी हीच बांधाचे सर्वांत उत्तम संरक्षण असते. बाहेरील पट्टा तोडला की बांधावर लाटांचा थेट मारा होतो, बांध फुटतो आणि मग खारफुटी आतील शेतात शिरते. खार जमीन टिकण्यासाठी बाहेर खारफुटी व आत भात ही सीमा शाबूत राहणे आवश्यक ठरते. समुद्रपातळीची वाढ व खाडीकाठांवरील भराव यांमुळे ही सीमा सांभाळणे उत्तरोत्तर कठीण होत आहे.

## इतर प्रदेश

गोव्यातील अशा जमिनींना 'खाजन' म्हणतात. त्या मांडवी व झुआरी नद्यांच्या खोऱ्यांत विशेष आहेत. तेथील बांधांची व्यवस्था परंपरेने गावकारी म्हणजे कोमुनिदाद पाहत असे. पाणी सोडण्याच्या दाराला तेथे 'मानस' म्हणतात व 'कोरगुट' हा क्षार सोसणारा भात प्रसिद्ध आहे. केरळमधील पोक्कळी शेतांत पावसाळ्यात भात व उन्हाळ्यात कोळंबी असा क्रम असतो. खाऱ्या पाण्याला शत्रू न मानता त्याचाच उपयोग करून घेणारी ही पद्धत आहे. पोक्कळी भातातील क्षारसहिष्णुतेचे गुणसूत्रीय क्षेत्र आधुनिक जातींच्या पैदाशीत जगभर वापरले जाते. पश्चिम बंगालमधील सुंदरबनात मे २००९ मधील आयला चक्रीवादळाने बांध फुटून मोठे भातक्षेत्र खारे झाले. तेथील कॅनिंग टाउन येथे कर्नाल येथील केंद्रीय मृदा क्षारता संशोधन संस्थेचे किनारी जमिनींसाठीचे प्रादेशिक केंद्र आहे.

## हेही पाहा

* खारफुटी
* चोपण जमीन
* चरी शेतकरी संप
* मिठागर
* खोती पद्धत